जर्मन पणजोबाचा शोध

विद्युत्‌शास्त्र शिकताना तुम्हांला पुढे केव्हातरी स्टाइनमेट्झ हे नाव भेटेल. लोखंडाचा गाभा आलटून-पालटून चुंबकित केला म्हणजे त्यात किती ऊर्जा वाया जाते, याचा नियम त्यांनी १८९२ मध्ये मांडला. पुस्तकात त्यांचे नाव चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ असे छापलेले असते. या नावाने त्यांची जन्मनोंद शोधाल तर ती सापडणार नाही. १८६५ साली ब्रेस्लाउ येथे जन्मलेल्या मुलाचे नाव होते कार्ल ऑगस्ट रुडोल्फ. १८८९ मध्ये अमेरिकेत आल्यावर कार्लचा चार्ल्स झाला आणि विद्यार्थिदशेतील टोपणनाव ‘प्रोटिअस’ मधे येऊन बसले. शिवाय ब्रेस्लाउ आज जर्मनीत नाही. ते पोलंडमधील व्रोत्स्वाफ झाले आहे. माणसाचे नाव बदलले, गावाचेही बदलले!

एकोणिसाव्या शतकात सुमारे ५० लाख जर्मन लोक अमेरिकेत गेले. त्यांच्या पणतवंडांना आज आपला मूळ पुरुष कोण हे शोधावेसे वाटते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पूर्वजांची नावे मिळतात. पण तेथेही उपाध्याय पहिला प्रश्न करतात तो ‘मूळ गाव कोणते?’ हाच. जर्मनीतही अगदी तसेच आहे. तेथील जुन्या नोंदी गावोगावच्या चर्चमध्ये ठेवल्या जात. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. तेव्हा गाव ठाऊक नसेल तर शोध तेथेच थांबतो.

म्हणून सुरुवात जर्मनीत नव्हे, अमेरिकेत करायची. आणि जवळच्या पिढीकडून मागे जायचे. अमेरिकेची शिरगणती दर दहा वर्षांनी होते. १९०० च्या शिरगणतीत परदेशी जन्मलेल्यांना ‘येथे कोणत्या साली आलात?’ असे विचारलेले आहे. १८९० चे कागद मात्र १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत सापडले आणि जवळजवळ सर्वच गेले. त्यामुळे १८८१ साली आलेला माणूस शिरगणतीत एकदम १९०० सालीच दिसतो. मधल्या काळात त्याने लग्न केलेले असते, आणि कदाचित म्युलरचा मिलरही झालेला असतो. (बंदरावरील कारकुनाने नाव बदलले, अशी कथा पुष्कळ घरांत सांगतात. तिच्यावर विसंबू नये. कारकुनापुढे बोटीवरची यादी तयार असे. नावे बहुधा लोकांनी स्वतःच, सोयीसाठी, हळूहळू बदलली.)

नागरिकत्वाचे कागद १९०६ पूर्वीचे असतील तर त्यांत बहुधा गाव नसते. परंतु अर्जदाराला आपल्या जुन्या राजाची निष्ठा सोडावी लागे. ‘व्युर्टेम्बर्गचा राजा’ असे लिहिलेले आढळले तर निदान प्रांत हाती लागतो.

यानंतर बंदर. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे शेवटचे राहण्याचे ठिकाण दिलेले असते. ब्रेमेननेही याद्या केल्या होत्या. पण जागा नाही म्हणून जुन्या नष्ट केल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. पणजोबा कोणत्या धक्क्यावरून बोटीत चढला, यावर पणतूचे नशीब ठरते ते असे.

गाव सापडले तरी काम संपत नाही. चर्चच्या वह्या कुरेंट नावाच्या वळणदार लिपीत आहेत. आपल्या मोडीप्रमाणे तीही आज सरावाशिवाय वाचता येत नाही. तिच्यात ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरे फसवी सारखी दिसतात. त्यातून एकाच घरातील तीन-चार भावांचे पहिले नाव योहान असते आणि हाक मारण्याचे नाव दुसरेच!

येथे थोडे गणित करू. ‘हा योहान तोच’ असे प्रत्येक पिढीला तुम्ही ९० टक्के खात्रीने म्हणता असे समजा. प्रत्येक दुवा स्वतंत्र धरला तर पाच दुव्यांची साखळी बरोबर असण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे फक्त ५९ टक्के. दहा दुव्यांना ती ३५ टक्क्यांवर येते. प्रयोगशाळेतील मापनाप्रमाणे येथेही लहान लहान अनिश्चितता साठत जाते. आणि एक दुवा चुकला की त्यावरचे सारे पूर्वज दुसऱ्या कोणाचे तरी ठरतात. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाची नोंद आणि साक्षीदारांची नावे ही एकमेकांशी ताडून पाहतात. डीएनए-तपासणीने दूरचा भाऊबंद सापडू शकतो. गावाचे नाव डीएनएत लिहिलेले नसते. ते त्या भाऊबंदाच्या घरच्या कागदांत असले तर असते.

या वह्यांचा एकदा फार वाईट उपयोग झाला. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा करून ‘अनार्य’ लोकांना सरकारी नोकरीतून काढण्यास प्रारंभ केला. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असले तरी तेवढे पुरे होई. लाखो लोक वंशाचा पुरावा मागण्यासाठी चर्चच्या दारात उभे राहिले. ब्रेस्लाउमध्येच जन्मलेले भौतिकीतज्ज्ञ माक्स बोर्न यांची गटिंगेनची प्राध्यापकी याच कायद्याने गेली. पुढे १९३५-३६ मध्ये काही महिने ते बंगलोरला होते. त्या काळात ज्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले गेले त्यांच्या वंशजांना ते परत मागण्याचा हक्क जर्मन राज्यघटनेच्या ११६ व्या कलमाने दिला आहे. तो अर्ज करतानाही आजोबांच्या जन्माचा दाखला जोडावा लागतो.