झाशीच्या उन्हातली जुनी स्कूटर : घरी काय करावे, मेकॅनिककडे काय न्यावे

झाशी : कानपूरची एलएमएल कंपनी २०१८ मध्ये परिसमापनात गेली. लखनौची सरकारी स्कूटर्स इंडिया बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी दिली. बजाज ऑटोची गीअरची ‘चेतक’ त्याच्या पुष्कळ आधी थांबली होती. २०२० मध्ये ते नाव परतले, पण विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. त्यामुळे झाशीच्या यूपी ९३ मालिकेतील जुनी चेतक, एलएमएल वेस्पा किंवा विजय सुपर ज्यांच्या अंगणात अजून उभी आहे, त्यांच्यामागे आता कोणतीही कंपनी नाही. गाडी टिकणार की भंगारात जाणार, हे बहुतांशी मालकाच्या हातावर अवलंबून आहे.

सुदैवाने ही यंत्रे मालकाच्या हाताला झेपतील अशीच घडवलेली आहेत. चेतकच्या दुहेरी धावेच्या, अर्थात टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नाहीत, पंपाने फिरणारे वंगण नाही, पाण्याचा रेडिएटर नाही. सिलिंडर साधारण १४५ घनसेंटिमीटरचा. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच पिस्टनचे वंगण आणि चुंबकी चक्रावरील पंख्याने फेकलेली हवा हेच थंडावण्याचे साधन. या दोन गोष्टी नीट समजल्या, की निम्मी दुरुस्ती समजली असे मानण्यास हरकत नाही.

झाशीत मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बुंदेलखंडच्या खडकाळ भूमीची बारीक धूळ सर्वत्र बसते. ही धूळ तेलकट सिलिंडरच्या पंखांवर चिकटली, की वारा लागूनही उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून उन्हाळ्यापूर्वी इंजिनावरील पत्र्याचे आवरण काढून पंख ब्रशने स्वच्छ करावेत आणि आवरण पुन्हा न चुकता बसवावे. हवा लागावी म्हणून ते काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. परिणाम नेमका उलटा होतो, कारण पंख्याचा वारा सिलिंडरवर वळवण्याचे काम तेच आवरण करते. कार्बोरेटरजवळची हवेची जाळीही धुऊन, पूर्ण वाळवून लावावी.

दुसरा घातक समज ऑइलविषयी आहे. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी घातले जाते. चेतकसारख्या गाडीला सामान्यतः २ टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल लागते. त्यात काटकसर केली तर धूर कमी होतो खरा, पण उन्हात चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मग बोअर करून नवा पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नेहमीपेक्षा दाट धूर येत असेल तर आधी गीअर ऑइलची पातळी पाहावी. ती घटत असेल तर क्लचकडील सील झिजले असून इंजिन गीअरचे ऑइल ओढून जाळत आहे. चक्राच्या बाजूचे सील गेले तर त्यातून हवा आत शिरते आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन उगाच पळत राहते. सील बदलण्यासाठी इंजिन उघडावे लागते. ते काम अनुभवी मेकॅनिकचेच.

इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतील ओलावा शोषते आणि स्वतःत प्राणवायू बाळगून असल्याने मिश्रण विरल करते. आधुनिक गाडीतील संगणक ते सावरून घेतो; कार्बोरेटरला ती बुद्धी नाही. विरल मिश्रण जास्त तापते. यावर उपाय तीन : पेट्रोलची नळी व गास्केटे इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारची घालणे, प्लगचे टोक पांढुरके दिसू लागल्यास मेकॅनिककडून मुख्य जेट एक क्रमांक मोठे करून घेणे, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवणे. प्लग बदामी रंगाचा दिसला, की मिश्रण ठीक समजावे.

सकाळी स्कूटर एका अंगावर कलवून मग किक मारण्याची सवय अनेक पिढ्यांनी जपली. टाकीत पेट्रोल कमी असताना ते नळाच्या तोंडाशी यावे, हा तिचा मूळ हेतू. टाकी भरलेली असतानाही कलवावी लागत असेल, तर नळाची जाळी व फ्लोटची सुई साफ करण्याची वेळ झाली आहे.

क्लच, गीअर आणि ब्रेकच्या केबलींना तेल देणे, प्लगची फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास राखणे, गीअर ऑइल बदलणे, सायलेन्सरमधील काजळी काढणे ही कामे घरच्या पान्ह्यांनी होतात. चाक उतरवताना मात्र एक जपावे. रिम दोन अर्ध्या भागांचे असते. ते भाग जोडणारे नट वेगळे आणि चाक ड्रमला धरणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना पहिल्या प्रकारचे नट सैल केले, तर रिम उडून गंभीर इजा होऊ शकते. चेतक आणि एलएमएलला वेगळी चौकट नसते. पत्र्याचे अंग हीच चौकट असते. म्हणून पायदानाखाली पावसाळी चिखलाने गंज धरला तर तो रंगाखाली झाकू नये, वेल्डिंग करून घ्यावे.

सुधारणांपैकी प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे सर्वांत फायद्याचे. ठिणगी एकसारखी मिळते आणि पॉइंट घासण्याचा त्रास संपतो. प्रखर दिव्यासाठी आधी वायरिंग ६ व्होल्टचे की १२ व्होल्टचे हे तपासावे. इंजिन बदलणे किंवा विजेचे किट बसवणे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते. त्यासाठी परिवहन कार्यालयाची संमती लागते.

कागदपत्रांच्या बाबतीत झाशीकरांना एक दिलासा आहे. हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात नसल्याने तिथली १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांची बंदी येथे लागू नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवता येते. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील दुचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणीही मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही अट आहे. १९७२ साली आलेल्या पहिल्या चेतक आता त्या वयोमर्यादेत बसतात. मात्र असा क्रमांक घेतल्यानंतर त्यांवरून रोजचा बाजारहाट करता येत नाही.