कॉफीचा भाव, मदतीचा पैसा आणि रवांडा

कॉफीचे भाव कोसळू नयेत म्हणून १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला आणि कोणत्या देशाने किती माल निर्यात करायचा, याचा कोटा ठरू लागला. अमेरिका या करारात आली, ती मुख्यतः लॅटिन अमेरिकेतला शेतकरी साम्यवादाकडे वळू नये या धास्तीने. शीतयुद्ध ओसरले तशी धास्तीही ओसरली. जुलै १९८९ मध्ये कोटापद्धत मोडीत निघाली आणि काही महिन्यांत भाव निम्म्यावर आले.

याचा सर्वांत जबर फटका बसलेल्यांत रवांडा होता. परकी चलन मिळवून देणारे त्याचे मुख्य पीक कॉफीच. डोंगरउतारावरच्या तुकड्यांत लाखो कुटुंबे ते घेत आणि सरकार ठरलेल्या भावाने खरेदी करी. हा हमीभाव किलोला १२५ फ्रँकवरून १०० वर आणावा लागला. ऑक्टोबर १९९० मध्ये युगांडातून तुत्सी निर्वासितांच्या बंडखोर सेनेने हल्ला केला. पुढच्याच महिन्यात नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या कार्यक्रमानुसार चलनाचे अवमूल्यन झाले. आयात माल महागला, शेतकऱ्याच्या हाती मात्र फारसे काही पडले नाही.

१९९४ मधला तुत्सींचा वंशसंहार कॉफीमुळे झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तो सत्ताधारी हुतू गटाने योजून घडवला. पण राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या राजवटीला माणसे बांधून ठेवायला लागणारा पैसा आटला, तेव्हा तुत्सीद्वेष हेच तिचे स्वस्त भांडवल उरले.

मदत मात्र आटली नाही. देणगीदारांच्या लेखी रवांडा विकासाचा आदर्श होता. युद्धकाळातही पैसा येत राहिला आणि सुमारे पाच हजारांचे सैन्य तीस हजारांच्या वर गेले. शाळा-दवाखान्यांचा भार परदेशी पैशाने उचलला की सरकारचा स्वतःचा पैसा बंदुकांसाठी मोकळा होतो. हिशेबाच्या वहीत हे दिसत नाही. हुतू की तुत्सी हे नोंदवणारी, बेल्जियन अमदानीतली ओळखपत्रेही चालूच राहिली. एप्रिल ते जुलै १९९४ मध्ये सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, तेव्हा नाक्यानाक्यावर हीच ओळखपत्रे तपासली जात होती.

त्यानंतर झैरेतील (आताचा काँगो) गोमाजवळ, पळून आलेल्या हुतू निर्वासितांच्या छावण्यांत मदतीचा पूर लोटला. तिथे धान्यवाटप मारेकऱ्यांच्याच म्होरक्यांच्या हाती गेले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४ मध्ये काम थांबवले, बहुतेक संस्था थांबल्या नाहीत. १९९६ मध्ये रवांडाच्या सैन्याने छावण्या मोडल्या आणि काँगोतील युद्धांना तोंड फुटले.