हमी कोणी घ्यायची?

ऑगस्ट 1841. बॉस्टनच्या पोलीस कोर्टात कोठडीचं दार उघडलं आणि फाटक्या कपड्यांतला एक माणूस आरोपीच्या जागी येऊन उभा राहिला. आरोप: अट्टल दारुडा. शिक्षा ठरल्यासारखीच होती, ‘हाउस ऑफ करेक्शन’ नावाचा तुरुंग. तेवढ्यात कोर्टात बसलेला बूट बनवणारा एक कारागीर उठून त्याच्यापाशी गेला आणि हलक्या आवाजात दोन प्रश्न विचारून आला. या कारागिराचं नाव जॉन ऑगस्टस. तुरुंग टळला तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असं तो माणूस म्हणाला होता. ऑगस्टसने न्यायाधीशांच्या परवानगीने त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी हजर करायचं ठरलं.

ठरल्या दिवशी तो आला तेव्हा कोर्टातल्या कोणालाही तो ओळखू येईना. दारू सोडल्याच्या शपथेवर त्याने सही केली होती. चेहरा बदलला होता, बोलणं बदललं होतं. न्यायाधीशांनी दंड केला फक्त एक सेंट. कोर्टखर्च धरून 3 डॉलर 76 सेंट झाले, ते त्याने लगेच भरले आणि तो मोकळा झाला.

कनवाळू माणसं ऑगस्टसच्या आधीही होऊन गेली होती. त्याच्या हाती लागली ती पद्धत. जामीन घेण्याआधी तो आरोपीचं वय, आधीचं वागणं आणि भोवतालची माणसं यांची चौकशी करी. मग काम मिळवून द्यायचं, राहायची सोय करायची, आणि मुदत संपताना कोर्टाला खरंखुरं सांगायचं. सगळ्याची तो नोंद ठेवी. 1858 पर्यंत त्याने 1,946 जणांची हमी घेतली. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. शिक्षा रोखून धरली आणि पाठीशी एक माणूस उभा केला, तर गुन्हेगार बदलू शकतो, हे त्याने एकेक माणूस उभा करून सिद्ध केलं.

आणि मग विरोध कुठून झाला? कोर्टातूनच. तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येक कैद्यामागे अधिकाऱ्यांना फी मिळायची. ऑगस्टसने एक माणूस वाचवला की त्यांचे पैसे बुडायचे. इकडे त्याचं स्वतःचं दुकान मागे पडलं; काम चालायचं ते देणगीदारांच्या मदतीवर. 1859 साली तो वारला. माणूस गेला की पद्धतही जाणार, हा धोका तेव्हा उघडा पडला. मॅसॅच्युसेट्सला त्यावर उत्तर सापडायला 1878 उजाडलं: ऑगस्टसचं हे काम करणारा पगारी माणूस, म्हणजे प्रोबेशन अधिकारी, बॉस्टनच्या महापौरांनी नेमावा, असा कायदा झाला.

इंग्लंडमध्येही सुरुवात देणगीनेच झाली. 1876 साली फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने चर्च ऑफ इंग्लंडच्या मद्यपानविरोधी संस्थेला पाच शिलिंग पाठवले आणि पोलीस कोर्टांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांसाठी काहीतरी करा, असं लिहिलं. त्यातून लंडनच्या सदर्क कोर्टात जॉर्ज नेल्सन हा पहिला मिशनरी उभा राहिला. 1907 च्या कायद्याने या कामाला सरकारी मान्यता मिळाली. सल्ला द्यायचा, मदत करायची, मैत्री करायची, अशी अधिकाऱ्याची कर्तव्यं कायद्यातच लिहिली गेली. पण अधिकारी नेमायचा की नाही हे स्थानिक मर्जीवर राहिलं. कुठे पगार, तर कुठे दर प्रकरणामागे फी. 1925 च्या कायद्याने नेमणूक सक्तीची झाली, आणि खर्चाचा वाटा सरकारी तिजोरीनेही उचलला. 1938 मध्ये गृहखात्याने सूत्रं हाती घेतली आणि मिशनऱ्यांचं पर्व मागे पडलं. पुढे 2001 साली इंग्लंड-वेल्सची राष्ट्रीय प्रोबेशन सेवा उभी राहिली.

इथे ही कथा संपायला हवी होती. पण 2014 मध्ये सरकारने सेवा दोन भागांत तोडली. गंभीर धोक्याचे गुन्हेगार सरकारकडे राहिले. बाकीचे 21 कंपन्यांकडे गेले. कंपन्यांना पैसे मिळणार होते देखरेखीखालच्या माणसांच्या संख्येवर आणि पुन्हा गुन्हा न घडण्याच्या आकड्यांवर. अपेक्षेइतकं काम आलं नाही, उत्पन्न घसरलं आणि काटकसर थेट माणसांच्या भेटींवर आली. काहींवरची देखरेख सहा आठवड्यांतून एका फोनवर येऊन ठेपली. 2019 साली प्रोबेशनच्या मुख्य निरीक्षक डेम ग्लेनिस स्टेसी यांनी ही रचना दुरुस्तीपलीकडे सदोष असल्याचा निर्वाळा दिला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशोब मांडला: मूळ करारांना लागले असते त्याहून किमान 46.7 कोटी पौंड जादा जाणार होते. जून 2021 मध्ये सेवा पुन्हा एक होऊन सरकारकडे आली.

बॉस्टनमधली कैद्यामागची फी आणि लंडनमधला डोक्यामागचा दर, मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली तरी चूक तीच. ऑगस्टसच्या शोधाचा उरलेला अर्धा भाग असा त्याच्यामागून हाती आला: हमी घेणाऱ्या माणसाला समाजाने कायमचा पगार द्यायला हवा. मोजणीवर पोट चालणारा माणूस दुसऱ्याला वेळ देऊ शकत नाही, आणि प्रोबेशनमध्ये द्यायचा असतो तो वेळच.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. 1938 सालीच, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांताने स्वतःचा प्रोबेशन कायदा केला. 1958 मध्ये देशाचा कायदा आला. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात 21 वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात धाडायचं की नाही हे ठरवण्याआधी कोर्टाने प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असं त्यातलं कलम 6 सांगतं. तो अहवाल खरा व्हायचा तर कोणीतरी त्या पोराच्या वस्तीत जायला हवं, आईशी, मालकाशी, शेजाऱ्यांशी बोलायला हवं. एकाच अधिकाऱ्यावर ढीगभर प्रकरणं लादली, तर कोर्टापुढे येईल तो भरलेला फॉर्म. म्हणून अर्थसंकल्पात तुरुंगांची तरतूद वाचताना तिच्या शेजारी प्रोबेशन अधिकाऱ्यांची पदं, पगार आणि प्रवासखर्चही वाचायला हवा. एका तरुणाला परत माणसांत आणायची आपली तयारी किती, ते त्या आकड्यांतून कळतं. आणि ते अपुरे असतील तर जाब विचारणं हे आपलं, करदात्यांचं काम आहे.