रेंज पूर्ण, तरी आवाज का तुटतो?

रविवारची सकाळ. न्यू जर्सीत उन्हाळ्यातले साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे सांगलीत संध्याकाळचे सात. स्वयंपाकघरात चहा घेता घेता आईशी बोलणे सुरू होते. मुलाला मराठी शाळेत सोडायची वेळ झाली म्हणून बोलत बोलतच घराबाहेर पडावे, गाडीचे दार उघडावे आणि नेमके त्याच क्षणी "डॉक्टर म्हणाले की..." एवढेच ऐकू येऊन पुढचे वाक्य गिळले जावे. फोनवर वाय-फायची खूण दिसत असते, मोबाइलची रेंजही पूर्ण असते. आपण "हॅलो, हॅलो" करतो, पलीकडून "ऐकू येतंय का?" असा अर्धवट स्वर येतो आणि अखेर दोन्हीकडे एकच निष्कर्ष निघतो : भारतातले नेट खराब आहे.

पुष्कळदा हा निष्कर्ष अन्यायाचा असतो. हजारो किलोमीटरचा समुद्र सुखरूप ओलांडून आलेला आवाज आपल्याच स्वयंपाकघर आणि अंगण यांमधल्या पन्नास फुटांत हरवलेला असतो.

इंटरनेट कंपन्या आपल्याला वेग विकतात, त्यामुळे आपणही वेगाच्याच भाषेत विचार करतो. ३०० मेगाबिटची जोडणी असताना कॉल तुटावा, हे ग्राहकाला फसवणुकीसारखे वाटते. वास्तविक नुसत्या आवाजाला त्या वेगाचा हजारावा भागही पुरतो. आवाजाची गरज वेगळी आहे. बोलणाऱ्याचा आवाज साधारणतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास छोटी पाकिटे निघतात. ती सर्व पोहोचली पाहिजेत आणि एकसारख्या अंतराने पोहोचली पाहिजेत. मुहूर्त टळल्यावर आलेल्या अक्षतांसारखीच उशिरा आलेल्या पाकिटाची गत होते. ॲप ते टाकून देते. म्हणून सेवेची गुणवत्ता मोजताना तंत्रज्ञ वेगाआधी तीन गोष्टी पाहतात : पाकिटांना लागणारा विलंब, त्या विलंबातील चढउतार आणि गहाळ झालेल्या पाकिटांचे प्रमाण.

विलंबाचे अंदाजपत्रक आपल्यासारख्या दूरस्थांसाठी मुळातच तंग असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. आता हिशेब करू. न्यू जर्सी ते मुंबई हे अंतर अगदी सरळ धरले तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे साठाहून अधिक मिलिसेकंद निव्वळ निसर्गनियमाच्या खात्यात गेले. प्रत्यक्षातल्या समुद्री केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे खर्च त्याहूनही वाढतो. जे थोडे उरते, त्यात आपल्या घरचे वाय-फाय, आईच्या घरचे वाय-फाय किंवा मोबाइल टॉवर आणि मधले सारे थांबे बसवायचे असतात. शेजारच्या गावी केलेल्या कॉलमध्ये खपून जाणारी दिरंगाई सांगलीच्या कॉलमध्ये खपत नाही, ती यामुळे.

या साखळीतला सर्वांत बेभरवशाचा दुवा म्हणजे हवा. तारेतून जाणाऱ्या संदेशाला स्वतःची वाट असते. वाय-फायची हवा घरातल्या सर्व उपकरणांची, आणि दाट वस्तीत शेजाऱ्यांचीही, सामाईक असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे, असा मूळ दंडक आहे. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, हवा मोकळी वाटली तरी यदृच्छेने ठरलेला क्षणभर थांबते आणि मग बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते आणि पुन्हा थांबावे लागते. त्यात एखादे जुने किंवा दूरच्या खोलीतले उपकरण असेल, तर ते सावकाश बोलते आणि तेवढा वेळ बाकीच्यांना खोळंबून ठेवते. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट करतो. चहा गरम करताना कॉल खरखरत असेल, तर तो भास नव्हे.

या गर्दीत आवाजाला अग्रक्रम देण्याची तरतूद २००५ साली ८०२.११ई या मानकाने केली. आवाज, व्हिडिओ, सामान्य वाहतूक आणि बिननिकडीची वाहतूक अशा चार रांगा पाडल्या गेल्या. आवाजाच्या रांगेने कमीत कमी थांबायचे, असे ठरले. आजच्या बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते. मग अडते कुठे? अडते ते पाकिटावरच्या शिक्क्याशी. पाकीट तातडीचे आहे हे दर्शवणारी खूण इंटरनेटच्या रचनेत आहे आणि १९९८मध्ये तिला नेमके रूपही दिले गेले. परंतु एका कंपनीने मारलेला 'तातडीचे' हा शिक्का दुसऱ्या कंपनीने का मानावा? असा शिक्का कुणीही मारू शकतो. त्यामुळे जाळ्यांच्या सीमेवर तो बहुधा पुसला जातो. सांगलीहून निघालेला आईचा आवाज आपल्या राउटरपर्यंत येतो, तेव्हा मुलाच्या गेमच्या डाउनलोडमध्ये आणि त्या आवाजात राउटरला काही फरक दिसत नाही.

दुसरी अडचण उलट्या दिशेची आहे आणि ती अधिक चमत्कारिक आहे. पाकिटे गहाळ होऊ नयेत म्हणून उपकरण-निर्मात्यांनी राउटर आणि मोडेममध्ये मोठमोठी गोदामे ठेवली. फोनने सुट्टीतले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले, की ते गोदाम भरते आणि त्याच्या शेवटी आपला आवाज उभा राहतो. काहीच हरवत नाही, सारेच उशिरा पोहोचते. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने हरवल्यासारखेच. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दोषाकडे लक्ष वेधले आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये त्यावर उपाय मांडला : गोदाम किती भरले हे न पाहता पाकीट किती वेळ ताटकळले ते मोजायचे आणि रांग रेंगाळू लागली की मुद्दाम काही पाकिटे टाकून पाठवणाऱ्याला सावध करायचे. माझ्या मते घरगुती इंटरनेटच्या बाबतीत गेल्या दोन दशकांतली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे. राउटरच्या खोक्यावर तिची जाहिरात मात्र क्वचितच आढळते.

आता अंगणातल्या त्या क्षणाकडे येऊ. मोबाइल जाळ्यात एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जायची वेळ झाली की निर्णय सामान्यतः जाळे घेते. पुढच्या टॉवरवर जागा तयार ठेवून फोनला तिकडे पाठवते. वाय-फायमध्ये हा निर्णय फोनचा असतो आणि फोन स्वभावाने चिकट असतो. घरातला राउटर क्षीण होत गेला तरी तो त्यालाच धरून राहतो. अखेर नाइलाजाने मोबाइल डेटाकडे वळतो, तोवर काही सेकंद वाया गेलेले असतात.

आणि वळल्यावर त्याचा पत्ता बदलतो. इंटरनेटवर आयपी पत्ता हीच उपकरणाची ओळख आणि तेच त्याचे ठिकाण, असा घोटाळा आरंभापासून होऊन बसला आहे, कारण तेव्हाची यंत्रे जागची हलत नसत. १९९६मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली 'मोबाइल आयपी'चे मानक निघाले. पुण्याहून एडिसनला आल्यावर पोस्टाला नवा पत्ता कळवून ठेवावा आणि जुन्या पत्त्यावरची पत्रे तिकडून इकडे यावीत, तशी ती योजना. पण प्रत्येक पत्र आधी पुण्याला जाणार, हा वळसा तिच्या मुळातच होता आणि खुल्या इंटरनेटवर ती फारशी रुजली नाही. मोबाइल कंपन्यांनी त्याच धर्तीची व्यवस्था आपापल्या जाळ्याच्या आत बांधली. म्हणूनच महामार्गावर टॉवरमागून टॉवर बदलत असतानाही फोनचा पत्ता सहसा टिकतो. घराचे वाय-फाय मात्र त्या व्यवस्थेबाहेर असते. अलीकडे पत्त्याऐवजी जोडणीलाच ओळखक्रमांक देण्याचा मार्ग निघाला आहे. २०२१मध्ये प्रमाणित झालेले 'क्विक' हे त्याचे उदाहरण. ॲपलने तर २०१३मध्येच सिरीसाठी दोन्ही वाटा एकदम वापरण्याचे तंत्र आणले होते. कॉलची ॲपेही पत्ता बदलताच नवी वाट शोधतात. पण शोध संपेपर्यंतचे वाक्य गेलेले असते.

मोबाइल डेटावर आल्यावरही सगळे समान नसतात. ४जी जाळ्यावरून केलेल्या साध्या फोनकॉलला, म्हणजे व्होल्टीला, राखीव मार्गिका मिळते : १०० मिलिसेकंदांचे विलंबाचे उद्दिष्ट आणि हमीची क्षमता. त्याच फोनवरून, त्याच टॉवरवरून व्हॉट्सॲपने केलेला कॉल सामान्य डेटाच्या रांगेत उभा असतो आणि तिथे उद्दिष्ट ३०० मिलिसेकंदांचे असते. भारतात २०१६मध्ये आलेल्या जिओने सारा आवाज व्होल्टीवरच चालवला. म्हणूनच सांगलीत आईचा मावशीला केलेला साधा फोन स्वच्छ असतो आणि आपला ॲपवरचा कॉल तुटतो.

मग सर्वच कॉलना राखीव मार्गिका का देऊ नये? कारण हवेतली जागा मोजकी आहे. एकाला पुढे घेतले की दुसरा मागे राहतो. २०१८च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्सचा वणवा पेटला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या समन्वय वाहनाचा डेटा व्हेरायझनने योजनेची मर्यादा ओलांडली म्हणून मंदावला. ती ग्राहकसेवेतली चूक होती, असे कंपनीने नंतर मान्य केले. अग्रक्रम कोणाला आणि तो ठरवणार कोण, हा प्रश्न तेव्हापासून केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. अमेरिकेत नेट समानतेचे नियम २०१५मध्ये आले, २०१७मध्ये रद्द ठरले, २०२४मध्ये परतले आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने ते पुन्हा मोडीत काढले. भारताने २०१८मध्ये समानतेचे तत्त्व स्वीकारले. आता ५जीच्या 'स्लाइसिंग'मुळे एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या हमीचे भाग पाडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले आहे. रुग्णवाहिकेला वाट देण्यास कुणाचीच हरकत नसावी, माझीही नाही. परंतु ज्याला परवडते त्याची गाडी रुग्णवाहिकेच्या मार्गिकेतून जाऊ लागली, तर उरलेल्यांसाठी रस्ता अरुंद होतो. हे तिकिटांच्या दरपत्रकात दिसत नाही.

तोवर आपल्या हाती काही गोष्टी आहेत. बोलत बाहेर पडायचे असेल तर दाराशी पोहोचण्यापूर्वीच फोनचे वाय-फाय बंद करावे. संक्रमण तरीही होते, पण ते मरणप्राय सिग्नलला लोंबकळत होत नाही. फोटोंचा बॅकअप रात्रीसाठी ठेवावा. नवा राउटर घेताना त्यात रांग आटोक्यात ठेवण्याची सोय आहे का, हे विचारावे. आणि पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा तिकडचा राउटर पाहून या. आमच्याकडे तो टीव्हीच्या शोकेसमागे, स्टीलच्या डब्यांच्या आडोशाला ठेवला होता. दिसायला बरा दिसत नाही, अशी आईची तक्रार होती. तो काढून आई बोलायला बसते त्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. त्यावर आता क्रोशाचा रुमाल आहे, पण रुमालाने सिग्नल अडत नाही.