हरहुन्नरी की अवाजवी कौतुक?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या २०२० च्या ड्राफ्टआधी (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेआधी) क्लेमसन विद्यापीठाच्या आयझेया सिमन्सवरून जाणकारांत दोन तट पडले होते.

● खेळाडू : उंची ६ फूट ४ इंच, वजन २३८ पौंड. लाइनबॅकर, सेफ्टी, स्लॉट कॉर्नर या बचावातल्या तिन्ही जागा एकाच सामन्यात सांभाळायचा.

● बाजूने : कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार (२०१९). ड्राफ्टपूर्वीच्या कम्बाइन चाचणीत ४० यार्डांची धाव ४.३९ सेकंदांत; एवढ्या देहयष्टीला हा वेग थक्क करणारा.

● विरोधात : क्लेमसनचे बचाव प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स त्याला डावागणिक नव्या जागी उभं करत. त्यामुळे कोणत्याही एका जागेचं कसब मुरलं नव्हतं, असा आक्षेप होता.

● पुढे : ॲरिझोना कार्डिनल्सनी आठव्या क्रमांकावर निवडलं, तिथे पक्की जागा सापडली नाही. २०२३ मध्ये ड्राफ्टच्या सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या हक्काच्या बदल्यात तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला.

● निष्कर्ष : गुणवत्ता खरी होती. पण अशा खेळाडूवर वरची निवड खर्च करणाऱ्या संघाकडे पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठी ठरलेली जागा आणि ती शिकवणारा प्रशिक्षक हवाच. नाहीतर खेळाडूच्या उमेदीची वर्षं वाया जातात.