पीजेचे चाक, नऊ मिलिमीटरच्या रुळावर

रुळांमधले 24 सेंटिमीटर

जळगाव स्थानकात उभ्या असलेल्या कुठल्याही इंजिनाखालचे दोन रूळ एकमेकांपासून 1676 मिमी अंतरावर असतात. हा आपला ब्रॉडगेज. त्याच इंजिनाचे एचओ स्केलचे, म्हणजे 1:87 प्रमाणातले मॉडेल घेतले, तर ते 16.5 मिमी अंतराच्या रुळांवर उभे राहते. 16.5 ला 87 ने गुणा, जेमतेम 1436 मिमी भरतात. तो झाला युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. म्हणजे वरचे शरीर भुसावळचे आणि पाय जर्मनीचे. प्रत्यक्षातले तब्बल 24 सेंटिमीटर मॉडेलमध्ये गायब होतात. समोरून पाहिले की इंजिन जरा अंग चोरून उभे असल्यासारखे का वाटते, त्याचे कारण हेच.

एचओ हे हौशी लोकांमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 पासून सुरू आहे, तिथली गावे आणि गाड्याही याच प्रमाणातल्या. धावत्या गाडीची मौज लुटायची असेल तर 16.5 मिमी पुरेसे आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला खऱ्या गाडीची मापेही मॉडेलमध्ये उतरवायची आहेत, त्याला रूळ आणि चाक या दोन्हींना हात घालावा लागतो. जगभर या कामाला ‘फाइनस्केल’ म्हणतात. खानदेशात राहणाऱ्याने हे काम करायचे तर सुरुवात ब्रॉडगेजपासून न करता पाचोरा-जामनेरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीजेच का?

पाचोरा ते जामनेर ही सुमारे 56 किलोमीटरची नॅरोगेज लाइन. गावोगावी तिचे नाव ‘पीजे’. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी माणसे, भाजीपाला आणि शाळकरी पोरे घेत ती जामनेरला पोचायची. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा त्या अरुंद रुळावर धावली नाही. आता तिथे ब्रॉडगेज करून मार्ग बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प आहे. प्रकल्प हवाच, पण जुन्या लाइनीची मापे जपणाऱ्या कुणाची तरी गरज आहे, आणि नेमके मॉडेल हा ती जपण्याचा उत्तम मार्ग आहे.

तांत्रिक बाजूनेही पीजे हौशी माणसाला दोन गोष्टी फुकटात देते. पहिली गेजची. तिचे रूळ 762 मिमी अंतरावर. 87 ने भागले की 8.76 मिमी येतात. बाजारात एन या एचओपेक्षा लहान स्केलचा रूळ 9 मिमीचा मिळतो. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे प्रत्यक्षात दोन सेंटिमीटरचा. एनचे तयार यंत्र घ्यायचे, त्यावर 1:87 ची बॉडी बसवायची, की गेजचा प्रश्न जवळपास मिटला.

दुसरी गोष्ट वळणाची. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजला जास्तीत जास्त 10 अंशांचे वळण चालते, म्हणजे 175 मीटर त्रिज्या. एचओमध्ये ती दोन मीटर होते. एवढे वळण बसवायला मोठा दिवाणखाना लागेल. नॅरोगेजला मात्र 40 अंशांपर्यंत मुभा आहे. त्रिज्या 44 मीटर, मॉडेलमध्ये अर्धा मीटर. जेवणाच्या टेबलाएवढ्या फळीवरही नियमाबाहेर न जाता वळण घेता येते.

गेज आणि वळण असे मार्गी लागले की सारी मेहनत एकाच ठिकाणी खर्ची घालता येते. चाकावर.

बाजारातले चाक जाड का असते

ब्रॉडगेजच्या खऱ्या चाकाची रुंदी 127 मिमी आणि नव्या चाकाच्या फ्लँजची, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला उतरणाऱ्या कडेची, उंची 28.5 मिमी. एचओच्या हिशेबाने रुंदी दीड मिमीच्या आत आणि फ्लँज 0.33 मिमी हवी. एचओच्या सर्वसाधारण चाकाची रुंदी मात्र 2.8 मिमी आणि फ्लँज सहा दशांश मिमीच्या पुढे. दोन्ही जवळपास दुप्पट. एन स्केलच्या जुन्या चाकांची फ्लँज तर त्याहून खोल आढळते.

कंपन्यांचा यात आळस नाही. त्यांची गाडी गालिच्यावर, घाईने जोडलेल्या रुळावर, लहान मुलांच्या हाताखाली धावली पाहिजे. खोल फ्लँज रुळाचा खडबडीतपणा सोसते, रुंद चाक सांध्यातली, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथली, मोठी फट पार करते. बारीक चाकाला हे जमत नाही. त्याला नीट रूळ लागतो. म्हणून चाक एकट्याने बदलत नाही, त्याच्याबरोबर रूळही बदलतो.

रुळाच्या उंचीचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एनचा जुना ‘कोड 80’ रूळ 2.03 मिमी उंच असतो. त्याला 87 ने गुणले तर 177 मिमी. भुसावळच्या मुख्य मार्गावर पडणारा 60 किलोचा रूळ 172 मिमी उंच आहे. म्हणजे पीजेच्या चिमुकल्या गाडीखाली आपण मुंबई-हावडा मार्गापेक्षा जाड रूळ घालू! इथे ‘कोड 40’च हवा: उंची एक मिमीच्या किंचित वर, प्रत्यक्षात 88 मिमी.

सर्वांत महत्त्वाचा आकडा

एकाच धुरीवरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर म्हणजे बॅक-टू-बॅक. रुळाचे अंतर सगळे मोजतात, हे मोजायचे राहून जाते, आणि गाडी घसरते ती बहुतेक वेळा याच्यामुळे.

ब्रॉडगेजला हे अंतर 1600 मिमी असते आणि सांध्यावर चेक रेल (चाकाला योग्य मार्गावर धरणारा आतला जादा रूळ) व रूळ यांच्यातली फट 44 ते 48 मिमी. ती फट 1:87 मध्ये अर्धा मिमी होते. ब्रिटनमध्ये 2 मिमी फाइनस्केल नावाचे मानक आहे. त्याचा गेज 9.42 मिमी, बॅक-टू-बॅक 8.5 च्या आसपास आणि फट 0.5 मिमी. गेज आणि बॅक-टू-बॅक यांतला हा 0.9 चा फरक तसाच ठेवून आपण 9 मिमीवर आलो, तर बॅक-टू-बॅक 8.1 मिमी येतो.

आता ताळा करू. 9 मिमीच्या रुळात दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीची फट सोडली, तर दोन चेक रेलच्या बाहेरच्या कडांमधले अंतर 8.0 मिमी. चाकांच्या पाठी 8.1 वर. जेमतेम, पण चाक मोकळे जाते. याच सांध्यावर एनचे मूळ चाक आणले तर? त्याचा बॅक-टू-बॅक 7.4 ते 7.6 च्या घरात. 8.0 च्या मापावर 7.5 चे चाक बसणार कसे? ते चेक रेलवर चढते आणि इंजिन आडवे होते. उलट, बारीक चाक एनच्या सांध्यावर नेले तर क्रॉसिंगच्या नाकापाशी, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकाशी, रुंद फटीत धप्पकन पडते. अर्धे जुने आणि अर्धे नवे असा मध्यममार्ग इथे नाही.

लेथवर

यंत्र काढून घेण्यासाठी एन स्केलचे, दोन बोगी आणि चार धुरींचे डिझेल इंजिन निवडावे. पीजेच्या झेडडीएम जातीच्या इंजिनाशी त्याची ठेवण कितपत जुळते, ते पाहावे. आधी बोगीतल्या दोन धुरींमधले अंतर खऱ्या इंजिनाच्या नकाशाशी ताडून पाहावे. ते चुकले तर पुढचे सगळे वाया.

बोगी उघडली की प्रत्येक धुरी मधोमध प्लॅस्टिकच्या नळीत जोडलेली दिसते. त्या नळीवरच दाते असतात. दोन्ही बाजूंची वीज एकमेकांना भिडू नये म्हणून ही सोय. चाक हलके फिरवत ओढले की निघते. नळीला चीर गेली तर ती बदलावीच. चिकटवलेली टिकत नाही.

चाके तयार मिळवता येतात किंवा आहेत तीच कातता येतात. कातण्याची युक्ती फार सुंदर आहे. चाकाच्या पाठीमागून 0.3 मिमी धातू काढला की तीन कामे एकदम होतात: फ्लँजची जाडी कमी होते, चाकाची रुंदी कमी होते, आणि चाक धुरीवर पूर्वीच्याच जागी बसवूनही बॅक-टू-बॅक 7.5 वरून 8.1 होतो. दोन्ही बाजूंचे 0.3 मिळून 0.6. त्यानंतर फ्लँजचे टोक उतरवून उंची 0.35 च्या जवळ आणायची. धारदार कोपरा ठेवायचा नाही, टोक गोलसर हवे, नाहीतर रुळाच्या प्रत्येक जोडावर ते अडकते.

यासाठी मोठा लेथ नको. घड्याळजींचा छोटा लेथ उत्तम. चाक जबड्यात रुळावर चालणाऱ्या पृष्ठभागावर पकडू नये, व्रण पडतो. पितळेची खाच पाडलेली बैठक करून त्यात चाक लाखेने बसवावे. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर नाजूक दागिना लाखेवर बसवूनच त्यावर काम करतात. ऊब दिली की चाक सुटते, उरलेली लाख स्पिरिटने निघते. शेवटी व्हर्नियरने तीन जागी बॅक-टू-बॅक मोजावा. तिन्ही आकडे वेगळे आले तर चाक धुरीवर तिरके बसले आहे.

वाफेचे इंजिन करायचे असेल तर डाव्या-उजव्या चाकांच्या क्रँक नव्वद अंशांत जुळवण्याचे वेगळे काम येते. पहिल्या प्रयत्नाला डिझेलच बरे.

सांधा घरीच बांधायचा

9 मिमीचा अर्ध्या मिमी फटीचा सांधा दुकानात शोधत बसण्यापेक्षा घरी बांधणे सोपे. सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून स्लीपर करावेत, प्रत्येकाच्या तांब्यावर मध्ये बारीक काप घ्यावा म्हणजे दोन रूळ शॉर्ट होत नाहीत, आणि रूळ डाग देऊन बसवावेत. आधी क्रॉसिंगचे नाक, मग त्याच्या मापाने बाकीचे. चेक रेल सर्वांत शेवटी, फटीत 0.5 मिमीची पत्र्याची पट्टी धरून.

फ्लँज 0.35 मिमीची असल्यामुळे रूळ त्याहून कमी खालीवर असला पाहिजे. म्हणून प्रत्येक बोगीतल्या एका धुरीला उभ्या दिशेने किंचित खेळ द्यावा. चारही चाके रुळाला टेकून राहतात, घसरणेही कमी होते आणि विजेचे झटकेही.

मे महिन्याचा हिशेब

युरोपातल्या पुस्तकांत हा भाग पुरेसा सापडत नाही. आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या आसपास येतो आणि मेमध्ये 45 गाठतो. जर्मन सिल्व्हरचा एक मीटर रूळ 35 अंशांच्या फरकाने सुमारे 0.6 मिमी वाढतो. सांध्यातली आपली फटच 0.5 ची आहे! जानेवारीत रूळ टोकाला टोक भिडवून पक्के केले, तर उन्हाळ्यात ते बाजूला फुगतात आणि गेज बिघडतो. गार दिवसांत बसवताना प्रत्येक मीटरमागे पाऊण मिमी जागा सोडावी. भर उन्हाळ्यात बसवले तर जवळजवळ भिडवले तरी चालते. पत्र्याच्या छताखालची खोली टाळावी. फळीला चांगले प्लायवूड घेऊन दोन्ही अंगांनी रंग द्यावा, म्हणजे पावसाळ्यात ती ओल पिऊन वाकत नाही.

धुळ्याची गाडी करायचीच असेल तर

चाळीसगाव-धुळे ही 1900 सालची शाखा ब्रॉडगेज आहे. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर ही तिची स्थानके एखाद्या लांब फळीवर शोभून दिसतील. पण इथे रूळ 19.3 मिमीचा हवा, आणि तो तयार मिळत नाही.

ब्रिटिश हौशी लोकांपुढे असाच पेच होता. त्यांच्या 1:76 प्रमाणाच्या गाड्याही 16.5 मिमीवरच धावत आणि प्रत्यक्षातले 18 सेंटिमीटर कमी भरत. काहींनी 18.2 मिमीचा ईएम गेज धरला, त्यांची संस्था 1955 ची. मग 1960 च्या दशकात 18.83 मिमीचा पी-फोर आला, ज्यात चाक आणि फटही प्रमाणात आणली गेली.

या 18.83 चा आपल्याला थेट उपयोग आहे. 87 ने गुणल्यावर 1638 मिमी येतात, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त 38 मिमी कमी. सव्वादोन टक्क्यांचा हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. पी-फोरची मापपट्ट्यांसारखी हत्यारे, धुऱ्या आणि चाके जशीच्या तशी वापरता येतात. आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याचे 915 मिमी व्यासाचे चाक 1:87 मध्ये साडेदहा मिमीचे होते आणि तेवढ्या मापाचे चाक त्यांच्याकडे आहे.

सुरुवात मात्र इंजिनाने करू नये. एका वाघिणीच्या दोन धुऱ्या बदलाव्यात, घरी बांधलेल्या सांध्यावरून ती बोटाने ढकलावी, दोन्ही मार्गांनी, दोन्ही दिशांनी. ती अडली नाही तर मग डबा, आणि सर्वांत शेवटी मोटरची बोगी उघडावी.