जुनी लहान मोटार : तिची निगा आणि तिचा आनंद

जुन्या मोटारींचें प्रदर्शन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें संस्थानिकांच्या लांबलचक गाड्या उभ्या राहतात. त्या पाहाव्या, त्यांची वाखाणणी करावी आणि घरीं यावें. त्यांच्याशीं आपला संबंध तेवढाच. परंतु आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांशीं ज्यांचा खराखुरा ऋणानुबंध जडला त्या मोटारी निराळ्या. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या दारांत उभी असे ती लहानशी विलायती घाटणीची गाडी : बेबी ऑस्टिन, मॉरिस मायनर, आणि त्यांच्या मागून आलेली स्टँडर्ड हेरल्ड. अशा गाड्या जपणारे, त्यांचें इंजिन स्वतःच्या हातांनीं जुळविणारे आणि सुटीच्या दिवशीं त्या चालविण्यांत आनंद मानणारे छांदिष्ट आज जगभर आहेत. आमच्या सटाण्यासारख्या गांवींहि हा छंद कसा रुजतो आणि त्याच्यापुढें आज कोणता प्रश्न उभा आहे, हें घरच्या अनुभवावरून वाचकांस सांगावें असा विचार आहे.

लहान मोटारीचें घराणें

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ऑस्टिन सेव्हन. मोटारसायकलीला डबा जोडून संसाराची ने-आण करणाऱ्या इंग्रज कुटुंबाला चार चाकांची खरी मोटार परवडावी, या हेतूनें सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ले एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आराखडेकाराला हाताशीं धरून ती आंखली. १९२२ सालीं ती लोकांपुढें आली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारें २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. इंजिन अवघें ७४७ घनसेंटिमीटरचें. जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. या आज बड्या मानल्या जाणाऱ्या कंपनीची पहिली मोटारसुद्धां परवाना घेऊन बनविलेली ऑस्टिन सेव्हनच होती!

ही गाडी स्वस्त व सुटसुटीत असल्यामुळें ती खोलून पाहण्याचें भय कोणास वाटत नसे. तिच्याच इंजिनावर हात बसवीत कॉलिन चॅपमन यानें १९४८ सालीं आपली पहिली लोटस तयार केली. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेनचें शर्यतीचें पहिलें शिक्षणहि तिच्यावरच झालें. ॲलेक इसिगोनिस हाहि तरुणपणीं ऑस्टिन सेव्हन सजवून शर्यतींत उतरणाऱ्यांपैकींच. याच इसिगोनिसनें १९४८ सालीं मॉरिस मायनर आणि १९५९ सालीं जगप्रसिद्ध मिनी निर्माण केली. मायनरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. नमुन्याची गाडी तयार झाल्यावर ती त्याला अरुंद वाटूं लागली. त्यानें ती उभी चिरविली आणि दोन्ही भाग डोळ्यांना बरें वाटेपर्यंत दूर सरकविले. तें अंतर चार इंच भरलें. मायनरच्या बॉनेटवर मधोमध जी रुंद पट्टी उठलेली दिसते, ती या चार इंचांची खूण होय. पुढें या गाडीच्या १६ लाखांवर प्रती निघाल्या.

हेरल्डचा जन्म

आमच्या घरची गाडी मात्र स्टँडर्ड हेरल्ड. तिच्या जन्माची कथा अडचणींतून मार्ग कसा निघतो याचा चांगला दाखला आहे. इंग्लंडांत कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला मोटारींचे सांगाडे फिशर अँड लडलो हा कारखाना पुरवीत असे. तो १९५३ सालीं प्रतिस्पर्धी कंपनीनें विकत घेतला. सबंध एकजीव सांगाडा आतां कोण करून देणार? तेव्हां खालीं स्वतंत्र चासी आणि तिच्यावर सुट्या भागांची, बोल्टांनीं जोडलेली बॉडी, अशी जुन्या वळणाची रचना पत्करावी लागली. जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंतानें तिला सुबक रूप दिलें आणि १९५९ च्या एप्रिल महिन्यांत ट्रायम्फ हेरल्ड बाहेर पडली.

लाचारीनें पत्करलेली ही रचनाच पुढें गुणाची ठरली. सुटे भाग पेट्यांत भरून परदेशीं पाठवावे आणि तेथें जोडावे, हें तिच्या बाबतींत सोपें होतें. आपल्याकडे त्या काळीं परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसॅडर, इटालियन फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीची गाडी, एवढ्यांतच मोटार घेऊं इच्छिणाऱ्याची निवड संपत असे. या मद्रासच्या कंपनीनें १९६१ सालीं हेरल्ड बनविण्यास आरंभ केला. पुढें मार्क थ्री या नमुन्यांत तिला चार दारें दिलीं. विलायतेंत तीं कधींच मिळालीं नव्हतीं.

काकांची गाडी

माझे काका सटाण्यास डॉक्टर होते. त्यांची हेरल्ड १९६६ सालची, दोन दारांची. रात्रीं-अपरात्रीं आरमेकाठच्या आणि मोसम खोऱ्यांतील कितीतरी खेड्यांचे धुळीचे रस्ते तिनें तुडविले. काकांच्या पश्चात् ती अकरा वर्षें पडवींत ताडपत्रीखालीं उभी होती. चुलतभाऊ पुण्यास स्थायिक झाले. एका गृहस्थांनीं ती हॉटेलाच्या दारांत शोभेसाठीं मांडण्याकरितां मागितली आणि किंमतहि बरी सांगितली. तेव्हां काकू एवढेंच म्हणाल्या, “उभीच करून ठेवायची असेल तर आपल्या पडवींत काय वाईट आहे? द्यायचीच झाली तर चालविणाऱ्याला द्या.” त्या शब्दानें मला ओशाळल्यासारखें झालें आणि गाडी चालती करण्याचें मीं मनावर घेतलें.

काकांच्या वेळेपासून गाडीचें काम पाहणारे मालेगांवचे मिस्त्री आतां सत्तरीच्या पुढें गेले आहेत. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतों. निरोप जातांच ते आले. हेरल्डचें बॉनेट पुढच्या बाजूस बिजागरीवर उलटतें आणि त्याबरोबर दोन्ही चाकांवरचे पंखेहि उचलले जातात, त्यामुळें इंजिन चहूंकडून मोकळें होतें. चाचा टायरवर पाटावर बसावें तसे बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, “वकीलसाहेब, गाडी मेली नाहीं. झोपली आहे.”

इंजिन जुळविण्याची विद्या

‘ट्यूनिंग’ म्हणजे गाडी वाटेल तशी भरधांव पळविण्याची युक्ति, असा पुष्कळांचा समज असतो. शर्यतवाले तसें करतातहि. मद्रासजवळच्या शोलावरम् येथील जुन्या विमानतळावर शर्यती होत, त्यांत अशा तयार केलेल्या हेरल्ड धांवत. परंतु घरच्या गाडीच्या बाबतींत ट्यूनिंग म्हणजे तिला तिच्या मूळच्या मापावर आणून ठेवणें. चाचांची यांतील शिस्त ठरलेली आहे. प्रथम इंजिन थंड असतांना टॅपेट : झडप आणि तिला दाबणारा दांडा यांमधली फट एक इंचाचे दहा सहस्रांश. मग डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट : पंधरा सहस्रांश. मग प्लग : पंचवीस. त्यानंतर ठिणगी पडण्याची वेळ, आणि अगदीं शेवटीं कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत फुकट जाते. कारण पॉइंटची फट बदलली कीं ठिणगीची वेळहि बदलते.

ही मापें पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यानें घेतां येतात. कार्ब्युरेटरला मात्र कान लागतो. स्क्रू आंत घेत गेलें कीं हवा अधिक होऊन इंजिन लटपटूं लागतें. बाहेर काढीत गेलें कीं पेट्रोल अधिक होऊन तें जड व धुरकट चालतें. या दोहोंच्या मधली जागा हेरावयाची. माझी पुतणी अभियांत्रिकीचें शिक्षण घेते. तिनें पहिल्या दिवशीं मोबाइलवर इंजिनाचे फेरे मोजण्याचें साधन काढलें. चाचा हंसून म्हणाले, “ताई, तें राहूं द्या बाजूला. आधीं कान लावा, मग मोजा.” तिनें कानानें जुळविलें आणि मग मोजलें. तिसऱ्या रविवारीं दोन्हींचा मेळ बसला. काम बरोबर झालें कीं नाहीं याची साक्ष पुढें प्लग देतो : त्याचें टोक काळें पडलें तर पेट्रोल जास्त, पांढरें पडलें तर कमी, आणि भाजलेल्या बिस्किटासारखें तांबूस झालें तर सारें ठीक.

माझ्या हातून एक चूक झाली तीहि सांगतों. पुढच्या चाकाचा उभा खुंटा खालच्या टोकाशीं कांशाच्या एका भागांत आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनिअन म्हणतात. मीं उत्साहानें त्यांत ग्रीस भरलें. चाचांनीं तें पाहिलें आणि ते प्रथमच रागावले. तेथें ग्रीस चालत नाहीं, गिअरचें घट्ट तेलच घालावें लागतें. ग्रीस आट्यांपर्यंत पोंचत नाहीं, आटे कोरडे पडतात, गंजतात आणि एके दिवशीं खुंटा मोडून चाक आडवें होतें. एवढ्याशा अज्ञानानें घाटांत माणसें जीवास मुकलीं असतीं!

सेलबारीची फेरी

गाडीची परिवहन कार्यालयांत तपासणी होऊन नोंदणी पुन्हां सुरू झाल्यावर एका हिंवाळी रविवारीं आम्ही देवमामलेदारांचें दर्शन घेऊन निघालों. जोडीला नाशिकच्या एका स्नेह्यांची मॉरिस मायनर होती. बाजाराजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांनीं रस्ता अडला होता. तेथें हेरल्डचा मोठा गुण कामास आला. ती अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळांत वळते! ताहाराबादेच्या पुढें मांगीतुंगीचीं शिखरें डावीकडे ठेवून सेलबारीचा घाट लागला.

सुमारें पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला चढ अगोदर ओळखावा लागतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाहीं. चालत्या गाडींत तो घालावयाचा तर क्लच दोनदां दाबून मध्यें इंजिनाची गति नेमकी वाढवावी लागते. जमलें तर दांडा लोण्यांत सुरी जावी तसा जातो. चुकलें तर दांते करकरून सर्वांना तुमची चूक कळवितात. शिवाय हेरल्डच्या मागच्या चाकांचे आंस मध्यावरच्या सांध्यावर हलतात. वेगानें वळणांत शिरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर बाहेरचें चाक आंत दुमडूं पाहतें. म्हणून वेग वळणापूर्वींच कमी करावा आणि वळणांत पाय स्थिर ठेवावा. उतरतांना ड्रमचे ब्रेक तापतात. ज्या गिअरनें चढलों त्याच गिअरनें उतरावें, हा जुना दंडक येथें अक्षरशः पाळावा लागतो. ताशी चाळीस किलोमीटरांनीं चालणाऱ्या त्या गाडींत जितकें अवधान द्यावें लागलें, तितकें नव्या गाडींत ताशी शंभरांनीं जातांनाहि मीं कधीं दिलें नव्हतें. आनंद आहे तो या अवधानाचा.

पुढें काय?

अडचणी थोड्या नाहींत. १ फेब्रुवारी २००० पासून देशांत शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. हवेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण त्या शिशाचा थर जुन्या इंजिनांतील झडपांच्या मऊ बैठकांना जपत असे. आम्हांस हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्या लागल्या. आतां पेट्रोलमध्यें उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतें. तें हवेंतील पाणी शोषून घेतें आणि जुन्या प्रकारचें रबर फुगवितें. म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या बदलल्या, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टांकी भरून न ठेवण्याचा नेम केला.

खरा पेंच पडला तो नोंदणीचा. २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळूं लागली. नव्या नोंदणीचें शुल्क २० हजार रुपये ठरलें. मान मोठा, पण अट अशी कीं गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींची रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल यांसाठींच रस्त्यावर आणावी, नित्याच्या वापरास ती नाहीं. उलट साधी नोंदणी ठेवली तर दर पांच वर्षांनीं तपासणी, वाढतें शुल्क आणि पर्यावरण कर. चुलतभावांचें मत व्हिंटेजकडे होतें आणि तें अगदींच अवास्तव नव्हतें. सुटे भाग दुर्मिळ आहेत आणि जुनी गाडी जितकी कमी फिरेल तितकी अधिक टिकेल, असें त्यांचें म्हणणें. अखेर निर्णय काकूंवर सोपविला. त्या म्हणाल्या, “हे असते तर त्यांनीं तिला पोथीसारखी गुंडाळून ठेवली असती का?” साधी नोंदणी कायम राहिली.

गाडी टिकविण्यापेक्षां विद्या टिकविणें अवघड आहे. सुटा भाग लेथवर पुन्हां करून घेतां येईल. चाचांचा कान कोठून करून घ्यावा? त्यांचा हात आतां थरथरतो, आणि पंधरा सहस्रांशांची पट्टी त्यांना एका झटक्यांत सरकवितां येत नाहीं. त्यांचीं मुलें नव्या गाड्यांचें काम करतात, आणि त्यांत संगणकच दोष सांगतो. म्हणून आमच्या पुतणीनें काकांची जुनी वही काढली. काका तींत तारीख, मैल आणि पेट्रोल टिपून ठेवीत. त्यांच्या शेवटच्या नोंदीखालीं एक रेघ ओढून तिनें चाचांच्या तोंडचीं मापें, क्रम आणि खुणा लिहिण्यास आरंभ केला आहे. चाचा सांगतात आणि ती लिहिते. लिहिलेलें ती वाचून दाखविते आणि चाचा दुरुस्ती सांगतात. ट्रनिअनच्या पानावर माझ्या चुकीचाहि उल्लेख आहे!

ज्या वाचकांच्या घरीं अशी एखादी लहान गाडी पडवींत उभी असेल, त्यांनीं ती विकण्यापूर्वीं एकवार ताडपत्री उचलून पाहावी. आणि गांवांत तिचा जुना मिस्त्री हयात असेल, तर गाडीच्याहि आधीं त्याच्याकडे जावें, आणि जातांना वही बरोबर न्यावी.